हंसांनी सोडलेली जागा

१

शाळेची बस टॅमसिनला रोज दगडी गडग्याच्या कोपऱ्यावर सोडायची. तिथून घर डावीकडे आणि तळं उजवीकडे. ती उजवीकडे वळायची.

मे संपत आला होता. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडच्या त्या सपाट मुलखात हिवाळा आधी वाऱ्यातून येतो, मग पावसातून. दक्षिणेच्या समुद्रावरून निघालेला वारा मध्ये कुठे अडत नाही. मॅकरच्या तळ्यावर पोचेपर्यंत तो हातमोज्यांतूनही बोटांना लागतो. तळ्याच्या काठावर पत्र्याची एक छोटी खोली होती, पुढच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट ठेवलेली. पक्षी बघणारे तिला लपण म्हणायचे. टॅमसिनच्या वडिलांनी, क्लाइव्ह पॅस्कोंनी, ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती. आत एक बाक, एक तिवई आणि तिवईवर त्यांची दुर्बीण.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका हंसाचा पाय मासेमारीच्या दोऱ्यात अडकला होता. त्याला सोडवायला वडील होडी घेऊन गेले. होडी मिळाली. हंसही मिळाला, पायातला दोरा कापलेला. वडील मिळाले नाहीत. तळं बहुतेक सगळीकडे गुडघाभरच आहे, पण मधोमध जुन्या ज्वालामुखीचं तोंड आहे, आणि पाणबुडे तिथून वर आले ते नकारार्थी मान हलवतच.

तेव्हापासून घरात दोघीच. आई, रोना, गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सकाळची पाळी करायची. दुपारी घरी आली की तळ्याकडच्या खिडकीचा पडदा नीट लागलाय ना ते आधी बघायची आणि मग टीव्हीसमोर बसायची. टीव्ही चालू असायचाच असं नाही. टॅमसिनला एकच गोष्ट हवी होती, आईने परत माणसांत यावं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगता यायचंच नाही. वर्गात हजेरीला ओ द्यायची म्हटलं तरी तिचे कान लाल व्हायचे.

पक्ष्यांसमोर काही बोलावं लागत नाही. त्या दिवसांत तळं भरून जायचं. आतला देश सुकला की काळे हंस आणि राखी बदकं इथे उतरायची. चांदव्यांचे काळे ठिपके पाण्यावर पसरायचे. काठच्या चिखलात शेकाट्यांच्या लाल काड्यांसारख्या पायांची रांग लागायची. आणि अगदी कडेला, ओल्या मातीच्याच रंगाचे, छातीवर दोन पट्टे असलेले चिखल्या. ते न्यूझीलंडहून समुद्र ओलांडून येतात आणि इथे हिवाळा काढतात. एवढासा जीव एवढं पाणी ओलांडून येतो याचं टॅमसिनला दर वर्षी नव्याने नवल वाटायचं.

"प्रत्येकाचं माणसापासूनचं अंतर ठरलेलं असतं, टॅम," वडील सांगायचे. "हंस फार लांबून सरकतो. बदक त्याच्याहून जवळ येऊ देतं, चांदवा आणखी जवळ. चिखल्या तर पाय पडायची वेळ आली की दोन पावलं पळतो. आपण मधून चाललो की आपल्याभोवती वर्तुळं पडतात. आपण कसे दिसतो ते त्यांना विचारायचं. ती खोटं सांगत नाहीत."

त्या गुरुवारी वारा दक्षिणेचा होता आणि सगळ्या चोची दक्षिणेला होत्या, असायला हव्यात तशाच. टॅमसिनने दुर्बीण डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत आणली. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, हंसांच्या दाटीमध्ये, तिला एक मोकळी जागा दिसली.

ती गोल होती, आणि तिच्यात काहीही नव्हतं.

२

असं होतं. पाण्याखाली एखादा खुंट असतो, किंवा वर गरुड घिरट्या घालत असतो. टॅमसिनने आभाळ बघितलं. आभाळात ढग होते, दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी ती जागा दुसरीकडे होती. म्हणजे खुंट नव्हे.

टॅमसिन बाकावर बसून राहिली. डबा उघडलेला, सँडविच हातात. जागा सरकत होती. पुढच्या कडेचे हंस माना उंचावून बाजूला होत होते आणि मागच्या कडेचे हंस परत जागा भरून काढत होते. उडत कुणीच नव्हतं. वाऱ्याने पाणी जसं सगळीकडे चुरगळलेलं, तसंच त्या जागेतही चुरगळलेलं. लाट नाही, खळबळ नाही.

मासा असेल, तिने स्वतःला समजावलं. मोठा मासा. पण गुडघाभर खारट पाण्यात एवढा मासा कुठून येणार? मग प्रवाह असेल. पण प्रवाह वाऱ्याविरुद्ध वाहत नाही, आणि जागा वाऱ्याविरुद्ध येत होती.

मग जागा उथळ पाण्यात शिरली. तिथे नुसते हंस नव्हते, सगळे एकत्र चरत होते. टॅमसिनच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. हंस सर्वांत लांब उभे होते. त्यांच्या आत बदकं. बदकांच्या आत चांदवे. आणि अगदी मध्ये, चिखलाच्या एका उंचवट्यावर, दोन-तीन चिखल्या मधूनच दोन पावलं पळत होते आणि थांबत होते.

वर्तुळात वर्तुळ. मासा असता तर अगदी पायांशी येईपर्यंत कुणी हललं नसतं. गरुड असता तर सगळेच उडाले असते. असं फक्त एका प्राण्याभोवती होतं.

तिने दुर्बिणीतून त्या वर्तुळांच्या मधोमध बघितलं. बराच वेळ बघितलं. तिथे पाणी होतं, आणि पाण्यात ढग.

तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसली नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. जागा सरळ येत नव्हती, तिरकी येत होती. थोडं चालायची आणि थांबायची. पक्ष्यांच्या माना खाली जाऊन चरणं परत सुरू झालं की मग पुन्हा निघायची. पक्ष्यांच्या अंगावर सरळ चाल करून जायचं नसतं, हे जो शिकलाय तोच असा चालतो.

३

रविवारी ग्लेनिस टकवेल आली. ती पलीकडच्या शेतावर राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. महिन्यातून एकदा ती तळ्यावरचे पक्षी मोजायला यायची. हातात टकटक वाजणारं मोजणीयंत्र, काखेत थर्मास आणि डब्यात स्कोन, खजूर घालून भाजलेले छोटे गोड पाव.

"ही टोपी कुणी विणली, पोरी? शत्रूने?" लपणीत वाकून शिरता शिरताच तिने विचारलं.

"मी," टॅमसिन म्हणाली.

"छान आहे. उबदार दिसतेय." ग्लेनिसने जराही न ओशाळता थर्मास उघडला. "आई कशी आहे?"

"बरी."

"बरी म्हणजे तशीच. कळलं. मी तिला म्हटलं होतं, शनिवारी फुटबॉलला चल, खिम्याचं पॅटिस खा, पंचाला शिव्या घाल, माणूस ताजंतवानं होतं. मला म्हणाली, बघू. तुमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय."

टॅमसिन हसली. मग दुर्बीण सरकवून तिने ग्लेनिसला जागा करून दिली. "पाण्यातल्या त्या लाल खांबाच्या डावीकडे बघा ना. मध्ये मोकळं का आहे?"

ग्लेनिसने एक डोळा मिटला. यंत्राची टकटक थांबली.

"तळाशी काहीतरी कुजत असणार. वायू निघत असेल. पाखरं आपल्यापेक्षा शहाणी, नाक मुरडून लांब राहतात."

"पण ती जागा सरकते."

"वारा सरकवत असेल."

"वाऱ्याच्या उलट सरकते, ग्लेनिस."

ग्लेनिस पुन्हा वाकली. या वेळी तिने जास्त वेळ बघितलं. पत्र्यावर वारा शीळ घालत होता. बाहेर एक हंस दुसऱ्यावर खेकसला. मग ग्लेनिस मागे टेकली आणि तिने स्कोन अर्धा केला, पण खाल्ला नाही.

"तुझ्या वयाची असताना मला आमच्या पाण्याच्या टाकीमागे रोज एक माणूस दिसायचा," ती म्हणाली. "पार घाबरून गेले होते. शेवटी कळलं, तो माझा भाऊ होता. सिगरेट ओढायला लपायचा. प्रत्येक गोष्टीला काहीतरी साधं कारण असतं, टॅम. ते आपल्याला आवडेलच असं नाही, एवढंच."

"हो."

"आणि हे आईला सांगू नकोस."

टॅमसिनने मान हलवली. ग्लेनिसने पुन्हा टकटक सुरू केली, पण लाल खांबाच्या डावीकडचे पक्षी ती मोजत नव्हती, हे टॅमसिनच्या ध्यानात आलं. त्या बाजूला दुर्बीण आली की ती जरा भरभर फिरवत होती.

४

पुढचे काही दिवस जागा रोज थोडी अलीकडे आली. बुधवारी ती काठापासून इतकी जवळ होती की दुर्बीण लागली नाही. आणि तिचं तोंड, जागेला तोंड असतं तर, घराकडे होतं.

टॅमसिन घरी गेली. शेगडीत लाकडं पेटली होती. आई गॅसवरच्या भोपळ्याच्या सुपात डाव फिरवत उभी होती. पडदा बंद. टेबलावर दोन वाट्या, टोस्ट, लोणी. टॅमसिनने बूट काढले, हात धुतले, बसली. बोलायचं नाही असं ती ठरवून आली होती. पण आईची पाठ तिला दिसत होती. स्वेटर उलटा घातलेला, शिवणी बाहेर. दिवसभर आई तशीच गावात वावरली असणार आणि कुणी तिला काही बोललं नसणार.

"मम," ती म्हणाली. "तळ्यावर कुणीतरी चालतं."

"शिकारी असतील. बदकांचा हंगाम आहे."

"दिसत नाही कुणी. नुसते पक्षी बाजूला होतात. माणसाला होतात तसेच."

डाव फिरत राहिला.

"तिरकं चालतं," टॅमसिन म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "थोडं चालतं, मग थांबतं."

"आणि सगळ्यांचं खाणं परत सुरू होईपर्यंत हलत नाही," आई म्हणाली.

तिने गॅस बंद केला. वळली. बऱ्याच महिन्यांत तिने टॅमसिनकडे असं बघितलं नव्हतं, चेहऱ्याकडे.

"तुला कसं माहीत?" टॅमसिनने विचारलं.

"लग्नाआधी दोन वर्षं मी त्याच्या मागून तशीच चालत होते, टॅम. दहा पावलं आणि पुतळा, दहा पावलं आणि पुतळा. कंटाळून जीव जायचा माझा. एकदा वैतागून टाळी वाजवली. सगळं तळं उडालं. चार दिवस बोलला नाही माझ्याशी." तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मग चॉकलेट घेऊन आला. म्हणाला, उडताना बघायला मिळाले तेही बरंच झालं."

दोघी सूप प्यायल्या. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग उठून तिने पडदा जरासा बाजूला केला. बाहेर अंधारून आलं होतं आणि काचेत तिचाच चेहरा होता, तरी ती बघत राहिली.

टॅमसिनला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी बस थांबली तेव्हा आई गडग्याच्या कोपऱ्यावर उभी होती. केस विंचरलेले, पायात गमबूट. दोघी उजवीकडे वळल्या.

जागा लपणीच्या समोरच होती, हाकेच्या अंतरावर. सूर्य कलला होता आणि तळं कथलासारखं दिसत होतं. आईने फटीतून बघितलं. दुर्बिणीला तिने हात लावला नाही.

"तू इथेच थांब," ती म्हणाली.

"मम, नको."

"मी फक्त जवळ जाऊन बघते. गुडघाभर तर पाणी आहे."

"ग्लेनिस म्हणाली, खाली वायू असेल."

"ग्लेनिस पॅटिस खाताना सॉस स्वतःच्या मांडीवर सांडते. तिला काय कळतंय." आईने टॅमसिनची टोपी कानांवर ओढली, लहानपणी ओढायची तशी. "टाळी नाही वाजवणार. शप्पथ."

ती तिरकी गेली. दहा पावलं चालली आणि थांबली. टॅमसिन दुर्बिणीला डोळा लावून बघत होती. आईभोवतीही वर्तुळं पडली. हंस लांब, बदकं आत, चांदवे त्यांच्या आत. आईचं वर्तुळ चालत गेलं, समोरचं वर्तुळ थांबून राहिलं. मग काचेवरचे दोन थेंब एकमेकांना लागावेत तशा त्या दोन जागा एक झाल्या.

आई उभी होती. तिचे ओठ हलत होते. तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर. किती वेळ गेला ते टॅमसिनला कळलं नाही. वडील म्हणायचे की पुरेसा वेळ उभं राहिलं की पक्षी आपल्याला विसरतात. तिने हे मनात धरून ठेवलं, कारण पुढे जे दिसलं त्याला तिला काहीतरी आधार हवा होता.

आई वळली आणि काठाकडे यायला निघाली. सरळ. न थांबता.

आणि कुणीच बाजूला झालं नाही.

हंसांनी माना वर केल्या नाहीत. आई त्यांच्या दाटीतून आली, उंच गवतातून यावं तशी. तिचा कोट त्यांच्या पंखांना घासत होता. एक चांदवा तिच्या दोन पायांच्या मधून पोहत गेला. शेकाट्याने तिच्या बुटाशी चोच बुडवून काहीतरी उचललं आणि गिळलं. तिच्या मागे, जिथून ती निघाली होती तिथे, ती मोकळी जागा तशीच होती. ती मिटली नव्हती. आधीपेक्षा मोठी झाली होती, आणि आता ती गोल नव्हती. दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली की पडेल, तशी ती लांबट होती.

टॅमसिनने दुर्बिणीवरून डोळा काढला. लपणीचं दार उघडलं.

"चल," आई म्हणाली. तिचा चेहरा तजेलदार दिसत होता. "गारठशील इथे."

"काय होतं तिथे?"

"काहीच नव्हतं, राणी. पाणी होतं."

६

त्या संध्याकाळी आईने सगळे पडदे उघडले. शनिवारी ती फुटबॉलला गेली. पंचाला दिलेली तिची एक शिवी गावात दोन दिवस चालली. वृद्धाश्रमातले म्हातारे म्हणू लागले की पुडिंगला परत चव आली. किराणा दुकानात बायका टॅमसिनचा दंड दाबून म्हणायच्या, "आई सावरली हं तुझी. देव पावला." टॅमसिन मान हलवायची. आई आनंदात आहे म्हणून मला भीती वाटते, हे कुणाला कसं सांगायचं? बोलता येणाऱ्यांनाही ते सांगता आलं नसतं.

तिने स्वतःशी खूप वाद घातला. आई तिथे खूप वेळ उभी होती, पक्षी सरावले. संध्याकाळची वेळ, ते पेंगले असतील. शिवाय आईला सगळं आठवत होतं. टाळीची गोष्ट आठवत होती, टॅमसिनचा पहिला दात कधी पडला ते आठवत होतं. पिठात मीठ किती, हेही हाताला आठवत होतं. फक्त ती आता रडत नव्हती, आणि एकदाही तिने क्लाइव्हचं नाव घेतलं नव्हतं.

अंगणात आई कपडे वाळत घालायची तेव्हा दोरीवर एक नाचण येऊन बसायचा. शेपूट डावीउजवीकडे हलवत तो दोरीवरून आईच्या खांद्यावर उतरायचा, तिथून टोपलीवर, टोपलीवरून परत खांद्यावर. खांबाच्या डोक्यावर उतरावं तसा. टॅमसिन दारात आली की उडून जायचा.

ग्लेनिसने ते बघितलं. ती स्कोन घेऊन आली होती. कुंपणाशीच थबकली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोना," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं मी पाखरांच्या मागे फिरतेय. माझ्या खांद्यावर एकदाही कुणी बसलं नाही गं."

"बसतात आपणहून," आई म्हणाली आणि चिमटा लावला.

नंतर फाटकाशी टॅमसिनने ग्लेनिसची बाही धरली. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"ते तिला भीत नाहीत," ती म्हणाली.

"मग? हेच तर, पोरी. यासाठीच तर आपण सगळे तासन् तास थंडीत बसतो. कधीतरी त्यांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून. तुझ्या आईने इतकं सोसलं, आणि त्यांना ते कळलं. मला तर वाटतं—"

"त्यांना तिथे कुणी दिसत नाही, ग्लेनिस."

ग्लेनिसने तिच्याकडे बघितलं. मग अंगणाकडे बघितलं. तिथे आई चादर झटकत होती आणि झटकणाऱ्या चादरीच्या खाली दोन पाणकोंबड्या शांतपणे गवत उपटत होत्या.

"तू नीट झोपत नाहीस हल्ली," ग्लेनिस म्हणाली. तिने आपली बाही सोडवून घेतली, हळुवारपणे, आणि गाडीकडे गेली. जाताना तिने हात हलवला नाही.

७

टॅमसिन रोज तळ्यावर जात राहिली. ती लांबट जागा आता काठापासून दूर गेली होती. कधी ती पाणवनस्पतींच्या बाजूने जायची, कधी लाल खांबाजवळ थांबायची. मधूनच तिचे दोन भाग व्हायचे, एक पुढे आणि एक मागे. मागचा जरा उशिरा निघायचा, कंटाळल्यासारखा. मग परत एक.

टॅमसिन फटीतून त्यांना बघायची. शाळेत काय झालं ते मनातल्या मनात सांगायची. एकदा मोठ्याने सांगितलं. पत्र्याच्या खोलीत तिचा आवाज तिलाच परका वाटला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रेडिओवर बातमी आली. उत्तरेला, क्वीन्सलँडमध्ये, धो धो पाऊस पडला होता. अवेळी. आतल्या वाळवंटातल्या नद्या वाहू लागल्या होत्या आणि वर्षानुवर्षं कोरडी पडलेली तळी भरत होती.

"बघ हं," आई टोस्टला लोणी लावत म्हणाली. "आता तुझी पाखरं जातील."

टॅमसिनला हे माहीत होतं. तिकडे पाणी आलं की इकडचे हंस आणि बदकं थांबत नाहीत. त्यांना कसं कळतं ते कुणालाच ठाऊक नाही. आज तळं काळं दिसतं आणि उद्या मोकळं. आणि तळं मोकळं झाल्यावर त्यात कोण चालतंय हे दाखवायला तिथे कुणी उरणार नव्हतं.

ती त्या दिवशी शाळेत गेली नाही. बस येऊन गेली. ती बूटमोजे लपणीत काढून पाण्यात उतरली, कारण बुटांचा आवाज होतो. पाणी इतकं थंड होतं की पहिल्यांदा ते गरमच वाटलं. ती तिरकी चालली. दहा पावलं, मग थांबली. तिच्याभोवती पक्षी बाजूला होत होते, हंस लांब, बदकं आत, आणि तिला त्याचं बरं वाटलं. ती त्यांना अजून दिसत होती.

समोर, तळ्याच्या मधल्या अंगाला, ती लांबट जागा होती. ती थांबलेली होती. टॅमसिनला वाटलं, ते आपल्याकडे बघतायत.

"मम," तिने हाक मारली. मोठ्याने नाही.

ती पुढे गेली. जागा मागे सरली. ती थांबली, जागा थांबली. ती डावीकडून गेली, जागा उजवीकडे झाली. तिने शिकलेलं सगळं वापरलं, बाजूला बघत चालली, हात अंगाशी धरले, श्वास दाबला. पण दर वेळी ती जेवढी पुढे जाई तेवढीच जागा मागे जाई, आणि मध्ये तेवढंच पाणी राही. ती दोघं तिला जवळ येऊ देत नव्हती. त्यांच्या मागे पाण्याचा रंग बदलत होता, राखाडीचा काळा होत होता. तिथून पुढे तळ नव्हता. ती आणखी पुढे गेली असती तर त्यांना त्यात जावं लागलं असतं, आणि तिला त्यांच्या मागून.

टॅमसिन उभी राहिली. पाय जाणवेनासे झाले तेव्हाही ती उभीच होती.

आधी एक हंस मान लांब करून पाण्यावरून धावला. मग दुसरा. मग सगळं तळंच उठलं. पंखांच्या पांढऱ्या कडा एकदम उघडल्या आणि आवाज इतका मोठा झाला की तिला तो छातीत ऐकू आला. बदकं उठली. चांदवे उठले. ती मान वर करून बघत राहिली नाही. जागेवरची नजर तिने हलवली नाही. शेवटचे काही हंस अजून पाण्यावर होते, जागेची एक कड अजून दिसत होती. नंतर एका बाजूला चारच उरले, मग दोन. मग ते दोनही गेले, आणि कड कुठे होती ते तिला सांगता येईना.

पाणी सगळीकडे सारखं होतं.

८

चिखल्या तेवढे राहिले होते, काठच्या मातीत, कारण त्यांना पावसाशी देणंघेणं नसतं. ते तिच्या पावलांपुढून दोन-दोन पावलं पळाले. ती बूट हातात घेऊन घरी गेली.

दार उघडंच होतं. शेगडी छान पेटली होती. खिडकीतून सगळं तळं दिसत होतं, कोरं.

"गेले?" आईच्या आवाजाने विचारलं.

"हो."

"मग आता रोज तिकडे जायला नको. ये, बस. पाय बघू."

टॅमसिन उभी राहिली. टेबल मध्ये होतं. कितीतरी दिवस ती दोघींच्या मध्ये काहीतरी असेल असंच बसत आली होती, टेबल, सोफ्याचा हात, दार. आता तिला कुठे बसायचं ते सुचेना. ग्लेनिस फोन उचलत नव्हती. गावात सगळे खूश होते. घर एवढंच होतं.

ती शेगडीसमोरच्या खुर्चीवर बसली.

समोरची बाई गुडघ्यांवर बसली, मांडीवर टॉवेल पसरला आणि टॅमसिनचा एक पाय उचलून त्यावर घेतला. बोटांच्या बेचक्यांतला चिखल ती हळूहळू पुसू लागली. ती काहीतरी गुणगुणत होती. तिचे हात उबदार होते. टॅमसिन तिच्या विंचरलेल्या केसांकडे बघत होती, मध्ये काढलेल्या सरळ भांगाकडे.

"दुसरा," बाई म्हणाली.

पाय फार गार पडले होते. टॅमसिनने दुसरा पाय पुढे केला.